कंट्री म्हणजे देश

जानेवारी आला की आमच्या दवाखान्यात परदेशी दात येतात. म्हणजे दात इथलेच, मुलुंडच्या पाण्यावर वाढलेले, पण माणसं आता टोरांटोत नाहीतर सिडनीत राहणारी. तिकडे दाताला हात लावायचा म्हणजे दिवाळं, म्हणून ही मुलं सुटीवर आली की आईच्या हातचं खातात, एखाददुसरं लग्न उरकतात आणि परत जाण्याआधी आमच्या खुर्चीत येऊन आ वासतात. मी तिथे रिसेप्शनला बसते. फोन घेते, वेळा देते, आणि समोरच्या बाकावर बसलेल्या माणसांची भीती बघत राहते.

मुलुंडला थंडी पडते, यावर बाकीच्या मुंबईचा विश्वास नाही. पडते. डोंगर जवळ आहे, झाडं आहेत, आणि मुलुंडकरांना स्वेटर घालायची हौसही आहे. सकाळी नाहूरहून रिक्षाने येताना कानाला वारा झोंबतो. सोसायटीच्या गेटबाहेर कुणाच्या तरी दांडग्या बॅगा टॅक्सीच्या डिकीत चढत असतात, शेजारी एक आई हातात डब्याची पिशवी घेऊन उभी असते. मग मला भीती गाठते आणि नेमकं त्याच वेळी कानात बँजो वाजायला लागतो. एका अमेरिकन बँडचा बँजो. तो बँड मोडून कित्येक वर्षं झाली. त्यातल्या एकाही माणसाला मी पाहिलेलं नाही, त्यांचं गाव नकाशावर दाखवता येणार नाही. पण त्या एका जानेवारी-फेब्रुवारीत ती गाणी आणि ती भीती माझ्या डोक्यात एकमेकांना अशी काही चिकटली की एक आलं की दुसरं मागून येतंच.

मी जात्याच भित्री आहे. हे लाजून सांगण्यासारखं आता राहिलेलं नाही, सगळ्या सोसायटीला ठाऊक आहे. गॅस बंद केलाय का ते बघायला मी दोन मजले परत चढते. अनोळखी नंबरचा फोन आला की आधी मनात सगळ्या नातेवाइकांची हजेरी घेते. आमचे सुहासराव, म्हणजे माझा नवरा, मला म्हणतो, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तो बिचारा तुझ्या मागे पळून दमला असेल." घाटकोपरच्या डोंगरावरच्या चाळीत वाढलेला माणूस, त्याला कशाचंच काही वाटत नाही. आणि जुई, आमची मुलगी, त्याच्याही वरताण. लहानपणी इंजेक्शन घेताना ही सुईकडे टक लावून बघायची, आणि मी दाराबाहेर भिंतीला टेकून उभी असायची. सगळे विचारत, ही कुणावर गेली गं? माझ्यावर नाही गेली, यातच मला समाधान होतं.

जुई तेव्हा चोवीस वर्षांची होती. ऐरोलीला एका कंपनीत नोकरी, आठवड्यातले काही दिवस घरून काम. अशाच एका दिवशी ती गेटवर पार्सल घ्यायला खाली गेली होती आणि मी तिच्या टेबलावरची धूळ पुसत होते. लॅपटॉप उघडा होता. दुसऱ्याचं वाचू नये हे मला कळतं, पण अक्षरं मोठी होती. वरच्या चौकटीत तिने टाइप केलं होतं, ‘बेस्ट अल्टरनेटिव्ह कंट्री’. पुढे अजून एखादा शब्द असावा, पण माझी नजर तिथपर्यंत गेलीच नाही.

माझं इंग्रजी मराठी शाळेतलं. पण कंट्री म्हणजे देश, हे पाचवीत बाईंनी पाठ करून घेतलेलं आहे. अल्टरनेटिव्ह म्हणजे पर्यायी, हे दवाखान्यात कळलं, कारण अपॉइंटमेंट रद्द झाली की अल्टरनेटिव्ह वेळ द्यावी लागते. म्हणजे पर्यायी देश. उत्तम पर्यायी देश. ओला फडका हातात घेऊन मी स्वयंपाकघरात आले आणि विनाकारण ओटा पुसत बसले.

जुईला विचारायचं सोडून मी सुहासला गाठलं. तो बाल्कनीत तुळशीच्या मंजिऱ्या खुडत होता.

"पोरगी देश सोडतेय," मी म्हटलं.

"कोण म्हणालं?"

"मी वाचलं. ती दुसरा देश शोधतेय."

"मग विचार ना तिला सरळ."

"तू विचार."

"मी कशाला? मला कुठे भीती वाटतेय?"

पण मी विचारलं नाही ते भांडणाच्या भीतीने नव्हे. विचारलं की उत्तर येतं. न विचारता निदान अर्धा दिवस तरी ‘नसेलही तसं’ म्हणून ढकलता येतो. भित्र्या माणसांचा संसार असाच अर्ध्या अर्ध्या दिवसांवर चालतो.

त्यात त्याच आठवड्यात लेले बाई आल्या. त्यांचे दोन्ही मुलगे बाहेर. थोरला दर जानेवारीला येतो, बाई त्याला दवाखान्यात घेऊन येतात, आणि तो चाळिशीचा बाप्या आत खुर्चीत असताना त्याचं जॅकेट मांडीवर घेऊन बाहेर बसतात. त्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "आता अमेरिकेचं काही खरं राहिलं नाही हो. हल्ली सगळी मुलं अल्टरनेटिव्ह कंट्रीच बघतायत."

अगदी तेच दोन शब्द! मी पाण्याची बाटली तोंडाला लावली, तर झाकण लावलेलंच होतं. लेले बाई फेब्रुवारीतही येतात, हे मला माहीत होतं. मुलगा गेल्यावर येतात, दात साफ करायचे म्हणून. दात त्यांचे स्वच्छच असतात. आत दहा मिनिटं आणि बाहेर माझ्यापाशी तासभर. त्या दिवशी त्यांच्या मांडीवरचं ते जॅकेट बघताना मला त्या बाकावर मी दिसले, आणि मांडीवर जुईचा निळा स्वेटर.

मन चिंती ते वैरी न चिंती. मी त्या दिवसांत काय काय चिंतलं! सुहासला छातीत दुखतंय आणि मला रिक्षा मिळत नाही. मी बाथरूममध्ये पडले आणि फोन बाहेर वाजतोय. फोनमधला जुईचा फोटो बोलतोय, थिजतोय, परत बोलतोय, आणि आम्ही दोघं त्या फोटोला जेवणाचं ताट दाखवतोय. पोरगी शेजारच्या खोलीत कानात इअरफोनची बोंडं घालून मान हलवत बसलेली असायची आणि मी दाराआडून तिच्याकडे ती गेल्यासारखी बघायचे. तिच्या आवडीची सोलकढी केली तरी वाटायचं, आता हिला ही आठवणीपुरती उरणार.

शेवटी एका रविवारी फुटलेच. सुहास घावणे काढत होता. रविवारचे घावणे त्याचे, तिथे मला हात लावायची परवानगी नाही. जुईने पहिला तुकडा चटणीत बुडवला आणि मी म्हटलं, "कुठला देश ठरवलास?"

जुईचा हात चटणीतच राहिला. चेहरा असा उतरला की क्षणभर ती मला परकीच वाटली.

"काय?"

"मला सगळं माहितेय. लॅपटॉपवर वाचलंय मी. बेस्ट अल्टरनेटिव्ह कंट्री."

मग ती हसायला लागली. हसता हसता ठसका लागला, सुहासने पाठीवर थापा मारल्या, डोळ्यांतून पाणी आलं तरी तिचं हसू थांबेना. गरजेपेक्षा जरा जास्तच हसत होती. मला वाटलं, आईच्या खुळेपणाला हसतेय.

"आई, अगं गाणी आहेत ती! कंट्री म्हणजे देश नाही गं. तिकडची गावाकडची गाणी. कंट्री म्युझिक."

"आणि अल्टरनेटिव्ह?"

"तीच, पण जरा बिघडलेल्या पोरांनी केलेली. गिटारबिटार जोरात, रॉक टाइप."

"म्हणजे भजनी मंडळात ड्रम घुसवल्यासारखं?" सुहास म्हणाला.

"झकास! अगदी तसंच. एक बँड सापडलाय मला, बाबा. ऑर्डिनरी बार्न. मी लहान होते तेव्हाच फुटला, पण काय आहे यार! यात बँजो पण आहे."

ऑर्डिनरी बार्न. म्हणजे साधा गोठा. असलं नाव आपल्याकडे कुणी लेझीम पथकालाही ठेवणार नाही. पण सुहासच्या कानावर फक्त ‘बँजो’ पडलं होतं. त्याने गॅस बारीक केला आणि हात पुसत आला. तरुणपणी तो चाळीतल्या बेंजो पार्टीत, म्हणजे मिरवणुकीत वाजवणाऱ्या पोरांच्या पथकात, बेंजो वाजवायचा. आमच्या कोकणातल्या पोरांचा बेंजो म्हणजे लांबट पेटी, वर टाइपरायटरसारख्या कळा, खाली तारा, कर्ण्याला जोडलेली. सोबत ढोल-ताशे, आणि पुढे सगळी आळी नाचतेय. लालबागपर्यंत सुपाऱ्या घेतल्यात त्यांनी. तो खुर्ची ओढून, डोळे मिटून, विसर्जनाची मिरवणूक येणार म्हणून तयारीत बसला.

आलं ते भलतंच. कोरडं, सुटं सुटं, ताटात कडधान्य निवडताना खडा वाजावा तसं.

"हा कसला बेंजो? कळा कुठायत?"

जुईने फोटो दाखवला. सुहास चष्मा कपाळावर चढवून बघत राहिला. "ह्यां काय? डफलीला दांडा लावलाय मेल्यांनी!"

त्या रविवारी आम्ही तिघं इतके हसलो की तव्यावरचा घावणा करपला, आणि सुहासने तो करपलेला पहिल्यांदाच विनातक्रार खाल्ला.

मग जुईने एक बोंड माझ्या कानात घातलं. पहिलं गाणं ऐकलं ते शिडीचं. एका माणसाने शेजाऱ्याची शिडी आणलेली असते, छपरावरची पानं काढायला. परत द्यायची राहते. शेजारी गाव सोडून जातो. आता हा रोज सकाळी उठतो तर अंगणात शिडी. ती वापरायची तर आपली नाही, टाकायची तर आपली नाही. बास, एवढंच गाणं. गाणारा सर्दी झाल्यासारखा, अर्ध्या आवाजात, घाई नसल्यासारखा गात होता, म्हणून मला शब्द कळत होते. मागे एक बाई व्हायोलिन वाजवत होती, आणि एक कसलीशी आडवी गिटार, जिच्यावर सूर घसरत घसरत जायचा. रडणं आवरताना आवाज जातो ना, तसा. जुई अडेल तिथे अर्थ सांगत होती. शिडीच्या शेवटच्या कडव्याला माझे डोळे भरून आले, आणि मला कळेना की ही भानगड काय आहे. माझं वय काय, ही गाणी कुणाची!

पण जीव जडला तो जडलाच. मी भाजी चिरताना लावायला लागले, रिक्षात ऐकायला लागले. त्यांच्या गावात कागदाची गिरणी होती, ती बंद पडली, आणि बंद गिरणीच्या गोदामात या चौघांनी वाजवायला सुरुवात केली. हे जुईने सांगितल्यावर सुहास म्हणाला, "म्हणजे आपलीच की पोरं." त्याचे वडील गिरणीत होते. गिरणी गेल्यावर त्यांनी काय काय केलं त्याची गोष्ट तो सांगत नाही, पण त्या दिवसापासून गाणं लागलं की तो टेबलावर बोटांनी कळा दाबायला लागला.

दवाखान्यातही मी हळू आवाजात लावू लागले. डॉक्टर मॅडमना आत मशीनच्या आवाजात काही ऐकू येत नाही. एकदा एक आजोबा कवळीच्या मापासाठी आले होते. जरा वेळ ऐकलं आणि माझ्याकडे वाकून म्हणाले, "ताई, कुणी गेलंय का?"

"नाही हो आजोबा. गाणी आहेत."

"असं. मग चालू द्या."

मला ती का आवडली, याचा मी बराच विचार केला आहे. मला वाटतं, बँड मोडलेला होता म्हणून. चालू असलेल्या कशावरही प्रेम करायचं म्हणजे आमच्यासारख्यांच्या जिवाला घोर. उद्या काय होईल, आजारी पडतील, भांडतील, वाईट गायला लागतील. साध्या गोठ्याचं जे काही वाईट व्हायचं होतं ते होऊन गेलं होतं. चार तबकड्या, त्यातली इतकी गाणी, त्यापुढे रेघ. आता त्यांना कुणी हात लावू शकत नव्हतं. मी आयुष्यात पहिल्यांदा कशावर तरी न घाबरता प्रेम करत होते, आणि ते सुख मला इतकं नवीन होतं की मी रिक्षावाल्यालासुद्धा बळेच एक गाणं ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि आरशातून बघत म्हणाला, "मॅडम, सिग्नलला नका लावू, झोप येते."

हे सुख टिकलं असतं. पण एका संध्याकाळी तांदूळ धुताना माझ्या लक्षात आलं की त्या रविवारी जुईने ‘गाणी आहेत ती’ म्हटलं होतं. ‘मी कुठे जात नाही’ असं म्हटलं नव्हतं. मी ते सगळं सकाळचं बोलणं परत आठवून पाहिलं, शब्दन् शब्द. नव्हतंच म्हटलं. आणि तिचा तो उतरलेला चेहरा, हसण्याच्या आधीचा. ‘देश’ म्हटल्यावर उतरला होता, आणि ‘अल्टरनेटिव्ह’ म्हटल्यावर सुटका झाल्यासारखा फुलला होता.

आता सुहासला सांगायची सोय नव्हती. एकदा हसं झालेल्या माणसाने परत लांडगा आला कसं म्हणायचं? मी गाण्यांत जरा आधार शोधायला गेले, तर ती गाणीही बदलली. त्यांच्या शेवटच्या तबकडीतलं शेवटचं गाणं पुष्कळ लांब आहे. त्यात शब्द लवकर संपतात. मग नुसतं वाजत राहतं, आणि एकेक वाद्य थांबत जातं. आधी व्हायोलिन, मग ती घसरती गिटार, मग ढोल. उरतो बँजो, एकटाच, तेच तेच वाजवणारा. तो थांबायच्या आत मी गाणं बंद करायचे. एकदाही शेवटपर्यंत ऐकू शकले नाही.

"व्हायोलिनवाली आधी गेली," जुईने मला सांगितलं होतं. "भांडणबिंडण काही नाही. तिचं लग्न झालं, दुसरीकडे गेली. मग बाकीच्यांना जमेना."

मी सुहासला विचारलं, "तुमची पार्टी कशी फुटली रे?"

तो नखं कापत होता. "फुटली कुठे? फुटायला भांडण लागतं. एक विरारला राहायला गेला. पॅडवाला दुबईला. मग डीजे आले. कोण कोणाला नाही म्हणालं नाही. एकेक जण यायचा बंद झाला." मग नखं गोळा करत म्हणाला, "माळ्यावर आहे अजून माझा बेंजो. गंजला असेल."

हे तो इतक्या सहज म्हणाला, आणि मला घरातल्या तीन खुर्च्या दिसायला लागल्या. घरंही अशीच मोडत असणार. आवाज न होता. कुणी दार आपटून जात नाही, सगळे प्रेमाने जातात, जाताना पाया पडतात, पोचल्यावर फोन करतात. म्हणून तर रागावताही येत नाही. त्या फेब्रुवारीत मी भांडी घासताना, केस विंचरताना, लोकांना वेळा देताना सारखी आमच्या घरातला शेवटचा उरणारा आवाज कुणाचा असेल याचा विचार करत होते. तो सुहासचा असला तर? माझा असला तर?

फेब्रुवारी संपत आला तेव्हा जुई एकदा म्हणाली, "आई, मॅडमची अपॉइंटमेंट दे ना एक. अक्कलदाढ काढायचीय."

"दुखतेय?"

"नाही. पण त्या मागे म्हणाल्या होत्या ना, वाकडी आहे, कधीतरी त्रास देईल."

मी डायरी उघडली, पेन घेतलं, आणि मग लक्षात आलं. इतकी वर्षं मी त्या टेबलामागे बसलेय. दुखल्याशिवाय अक्कलदाढ काढायला कुणी येत नाही. दुखली तरी लवंग ठेवतात, गोळी घेतात, रडत रडत येतात. न दुखणारी दाढ काढायला येतात ते फक्त जाणारे. पुढे त्रास नको, तिकडे महाग पडतं, म्हणून. मला जुईने काही सांगायची गरजच उरली नव्हती. मी तिला बुधवार दुपारची वेळ दिली.

बुधवारी बाकावर दुसरं कुणी नव्हतं. आत मॅडम हत्यारं मांडत होत्या, त्यांचा टणटण आवाज येत होता. जुई बसली होती, हात मांड्यांखाली दाबून. मी टेबलामागून बघत होते आणि मला आधी कळेचना की मी काय बघतेय. तिचा पाय हलत होता. उजवा पाय, सारखा, टाच जमिनीला लागत नव्हती. असे पाय मी रोज बघते. जुईचा कधी पाहिला नव्हता.

मी उठले आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.

"कुठे?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. "काय कुठे?"

"जुई. मी दातांच्या दवाखान्यात काम करते."

"पोलंड," म्हणाली. "कंपनीचंच ऑफिस आहे. दोन वर्षं. मेमध्ये." आणि मग घाईघाईने, "पण मी नाही म्हणणारेय."

"माझ्यामुळे?"

"सगळं तुझ्यामुळे नसतं गं आई!" ती जवळजवळ ओरडलीच. मग आवाज एकदम बारीक झाला. "मला भीती वाटते. खूप वाटते. डिसेंबरमध्ये त्यांचा मेल आला तेव्हापासून. नीट झोपले नाहीये मी. ती गाणी लावून पडून राहते नुसती."

"बोलली नाहीस ती."

"कुठे बोलू? आपल्या घरात घाबरायचं खातं तुझ्याकडे. बाबांकडे हसवायचं. मी धीट. लहानपणापासून धीट. सुईकडे बघायचे ते काय, नाही बघितलं तर जास्त भीती वाटायची म्हणून. मी घाबरले तर तू काय करशील, याचीच मला भीती वाटायची."

मी घाबरत होते त्या सगळ्या दिवसांत, भिंतीपलीकडे ही माझ्याहून जास्त घाबरत होती, आणि मी दाराआडून तिच्या फक्त मान हलवण्याकडे बघत होते.

"मग दाढ कशाला काढतेस?"

"ठरवलं होतं," ती म्हणाली. "दाढ न घाबरता काढता आली तर जायचं. नाही आली तर कळवून टाकायचं, नाही जमत म्हणून." तिने पायाकडे बोट दाखवलं. "आणि हा बघ. हे थांबतच नाहीये. वाट लागली माझी."

आतून मॅडमनी हाक मारली, "येऊ दे जुईला."

या दोन मिनिटांसाठी माझं एक ठरलेलं वाक्य आहे. त्या बाकावरून उठणाऱ्या प्रत्येकाला मी ते म्हणते, दिवसातून कितीदा तरी, फोनवर बोलता बोलतासुद्धा. घाबरून जाऊ नका. ते जिभेवर आलंही. जुईने माझ्याकडे पाहिलं, आणि ते वाक्य मला आयुष्यात पहिल्यांदा नीट ऐकू आलं. घाबरून जाऊ नकोस. म्हणजे घाबरलेली असशील तर जाऊच नकोस, आधी भीती संपव, मग जा. असं कुणाला जमलंय? भीती संपायची वाट बघत बसले असते तर मी लग्न केलं नसतं, हिला जन्म दिला नसता, रोज सकाळी घराचं दार ओलांडलं नसतं. सगळ्या घरात या एका विषयातलं मलाच कळत होतं. आणि मला दिसत होतं की हे जे मला कळत होतं ते मी म्हणाले नाही, तर ही राहील. माझ्याजवळ राहील, नाहूरला, निळ्या स्वेटरसकट. मला दुसरं काय हवं होतं?

मी तिचा हात धरला. तो गार होता, माझाही गारच होता.

"घाबरून जा," मी म्हटलं.

"काय?"

"न घाबरता जायला कोण सांगतंय तुला? घाबरून जा. पाय हलू दे. पण जा."

तिने ओढणी काढून माझ्याकडे दिली आणि उठली. पाय थरथरत होते ते मला स्पष्ट दिसत होतं. तशीच ती आत गेली आणि दार लागलं. मी बाकावरच बसून राहिले. टेबलावरचा फोन वाजत होता, तो उचलायला उठवेना. तिची ओढणी माझ्या मांडीवर राहिली होती. आतून मशीनचा आवाज सुरू झाला आणि मी ओढणीचं टोक मुठीत आवळून धरलं. भीती वाटत होती. जितकी वाटायची तितकी सगळी वाटत होती.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. जुई बाहेर आली, एक गाल सुजलेला, दातांत कापूस दाबलेला, डोळे लाल. बोलू नकोस म्हणून मॅडम मागून ओरडत होत्या. पण ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि बधिर तोंडाने, अर्धवट फुटणाऱ्या शब्दांत म्हणाली, "घाफऊन गेले, आई."

मे महिन्यात ती तशीच गेली.